कृपया झाडू लावू नये

लंडनच्या मेफेअरमधल्या एका कलादालनात २००१ च्या ऑक्टोबरमध्ये पार्टी होती. प्रदर्शन डेमियन हर्स्टचं, म्हणजे ज्याने फॉर्मालिनमध्ये अख्खा शार्क बुडवून जगभर नाव काढलं त्या गृहस्थाचं. पार्टी रंगात आल्यावर त्याने हाताशी आलेल्या वस्तूंची एक मांडणी केली: थोटकांनी भरलेले ॲशट्रे, कॉफीचे अर्धे कप, बिअरच्या रिकाम्या बाटल्या, वर्तमानपत्राची पानं. रात्री पाहुणे गेले. सकाळी सफाई कामगार आला, समोरचा पसारा बघून त्याने सुस्कारा सोडला आणि सगळं पिशव्यांत भरून बाहेर काढलं. मग दालनवाल्यांची पळापळ. कचऱ्यातून वस्तू वेचून, फोटो समोर ठेवून मांडणी पुन्हा जशीच्या तशी लावली गेली. कामगाराला विचारलं तर तो म्हणाला की त्याला ते काही कलेसारखं वाटलं नाही. हर्स्टला म्हणे हा प्रकार भलताच विनोदी वाटला. वाटणारच. केर त्याला काढायचा नव्हता.

आधुनिक शिल्पकलेवर मी बरीच जाडजूड पुस्तकं चाळली आहेत, पण त्या सुस्काऱ्याइतकी नेमकी समीक्षा माझ्या वाचनात आलेली नाही. दगड आणि ब्राँझच्या जमान्यात सगळं सोपं होतं. पुतळा एकदा उभा राहिला की जयंतीला शिडी लावून हार घालायचा, पुण्यतिथीला पाण्याचा पाइप मारायचा, मधले दिवस कबुतरांच्या हवाली. गेल्या साठ-सत्तर वर्षांत शिल्पकारांनी दगड सोडला आणि लोणी, माती, दूध, परागकण, शेण, केस, रक्त, केळं असं जे मिळेल ते घेतलं. कल्पना कलावंताची, पैसा संग्राहकाचा आणि वास येईल तो रखवालदाराचा, अशी कामाची वाटणी तेव्हापासून झाली.

यावर नेहमीचा शेरा असतो की, ‘हे तर आमचा बंड्याही करेल.’ मला त्या शेऱ्याचा कंटाळा आला आहे. बंड्या करेलही, प्रश्न तो करून झाल्यावर आवरणार कोण हा आहे. आणि तो बंड्याच्या आईने कधीच विचारलेला आहे.

या घराण्याचे आद्यपुरुष म्हणजे जर्मनीचे योसेफ बॉइस. चरबी आणि नमदा ही त्यांची आवडती द्रव्यं. १९८२ मध्ये त्यांनी ड्युसेलडॉर्फच्या कला अकादमीतल्या आपल्या खोलीत, वर छताजवळच्या कोपऱ्यात, पाच किलो लोणी लिंपलं. नाव दिलं ‘चरबीचा कोपरा’. लोणी म्हटल्यावर ते आपल्या गुणावर गेलं. पिवळं पडलं, खवट झालं, भिंतीत मुरलं. बॉइस यांना हेच हवं होतं. द्रव्य बदलतं, ऊब लागली की वितळतं, गारठलं की आवळतं, हाच त्यांच्या शिल्पाचा विषय. जानेवारी १९८६ मध्ये ते वारले. त्याच वर्षी ऑक्टोबरात इमारतीची देखभाल करणाऱ्या माणसाने शिडी लावली आणि तो कोपरा खरवडून साफ केला. चार वर्षं माणसाने धीर धरला, हे विसरता कामा नये.

पुढचा प्रकार अस्सल. बॉइस यांच्या एका शिष्याने सरकारवर दावा लावला की, ‘ते लोणी गुरुजींनी मला दिलेलं होतं.’ शेवटी तडजोड होऊन सरकारने ४०,००० मार्क मोजले. किलोमागे ८,००० मार्क, तेही खवट लोण्याला. आपल्या घरात असलं लोणी फार तर कढवून देवापुढच्या निरांजनाला लागलं असतं. एवढ्यावर संपलं असतं तर मी जर्मनांना दाद दिली नसती. खरवडलेला लगदा जपून ठेवलेला होता, आणि २०१४ मध्ये तीन कलावंतांनी त्यातून चक्क मद्य गाळलं. ज्यांनी घोट घेतला त्यांना चीजची आठवण झाली म्हणतात.

याच बॉइस यांचा लहान मुलाला आंघोळ घालायचा एक टब होता. त्याला मलमपट्ट्या आणि चरबी चिकटवून त्यांनी त्याची कलाकृती केली होती. १९७३ मध्ये तो लेव्हरकुसेनच्या संग्रहालयात ठेवलेला असताना तिथे एका राजकीय पक्षाच्या स्थानिक शाखेचा मेळावा झाला. दोन कार्यकर्त्यांना ग्लास विसळायला काहीतरी हवं होतं. त्यांना हा टब दिसला, त्यांनी तो घासून लख्ख केला. प्रकरण कोर्टात गेलं आणि टबाच्या मालकाला नुकसानभरपाई मिळाली. कलेच्या इतिहासात ही घटना हळहळ व्यक्त करण्यासाठी सांगतात. मला मात्र मेळावा आटोपल्यावर स्वतः ग्लास विसळायला बसणाऱ्या कार्यकर्त्या कुठल्या पक्षात असतात, या विचाराने अजून गहिवरून येतं.

घासण्याचा हा उत्साह जर्मनांच्या अंगातच असावा. २०११ मध्ये डॉर्टमुंडच्या संग्रहालयात मार्टिन किपेनबर्गर यांचं एक शिल्प होतं. लाकडी पट्ट्यांचा उंच मनोरा, त्याखाली रबराचं घमेलं, घमेल्याच्या तळाशी वाळलेल्या पाण्याचा डाग. डाग रंगाने रंगवलेला. सफाई करणाऱ्या बाईंनी तो चोळचोळून काढला. विम्याच्या हिशेबात शिल्पाची किंमत ८,००,००० युरो. चौकशीत निघालं की सफाईच्या माणसांना कलाकृतींपासून २० सेंटिमीटर लांब राहण्याची सूचना दिलेली होती. आता एखाद्या कर्तव्यदक्ष बाईला तुम्ही डाग दाखवणार, वर वीस सेंटिमीटर लांब राहायला सांगणार. हा मनुष्यस्वभावाचा अभ्यास झाला का? दुसऱ्या कुठल्याही नोकरीत असा डाग काढणाऱ्या बाईंना दिवाळीला पगाराएवढा बोनस मिळाला असता.

आता आपल्याकडचं. दिल्लीत साकेतच्या मॉलमध्ये किरण नाडर संग्रहालय आहे. तिथे सुबोध गुप्ता यांचं ‘लाइन ऑफ कंट्रोल’ हे २००८ सालचं शिल्प आम्ही बघायला गेलो होतो. मी, दादा आणि वहिनी. अणुस्फोटानंतर उठतो तसा छत्रीच्या आकाराचा ढग, सुमारे दहा मीटर उंच, आणि सगळा स्टीलच्या भांड्यांचा. पातेली, डबे, तांबे, पराती, कडीचे डबे. जवळ गेलं की भांडी दिसतात, मागे सरलं की ढग. मी आपला अर्थ सांगायला लागलो: सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना सारखीच स्वयंपाकघरं, आणि एका बटणासरशी दोन्हीकडच्या संसाराचं असं होणार वगैरे. वहिनींनी मान वर करून शेवटच्या डब्यापर्यंत नजर नेली.

“भाऊजी, हे पुसतं कोण हो?”

“वहिनी, तो स्फोट आहे.”

“ते कळलं मला. पण भांडी पालथी-उताणी कशीही लावलीत. उताण्या पातेल्यात धूळ साठणार. आणि आतल्या बाजूला फडकं कसं पोहोचतं?”

“असतील त्यांची माणसं.”

“असतील ना. आपल्याकडे तर माळ्यावरचा एक पिंप खाली काढायचा तरी तुमचे दादा दोन रविवार घेतात.”

दादा लगेच तिकडच्या भिंतीवरचं चित्र बघायला गेले. वहिनींनी आणखी एक गोष्ट टिपली. एवढ्या भांड्यांत नाव घातलेलं एकही भांडं दिसेना. आपल्याकडे चार पेले घेतले तरी दुकानदार टिकटिक करत नाव, गाव, तारीख घालून देतो, आणि वास्तुशांतीत दुसऱ्याचं भांडं आपल्या घरी आलं तर कोणाचं हे दिव्याखाली धरून वाचता येतं. “सगळी नवीकोरी आणलेली दिसतात,” त्या म्हणाल्या, “स्फोटात वापरातली भांडी जातात हो.” कलासमीक्षा या शब्दाला मी अधिक काही जोडू इच्छित नाही. वहिनी एका परातीकडे जरा जास्तच वाकल्या तेव्हा रखवालदार “मॅडम, थोडा पीछे” म्हणाला. तो पुसणाऱ्यांपैकी आहे का, हे विचारायचं त्यांच्या ओठावर आलं होतं.

वहिनींचा प्रश्न घेऊन फिरलं तर न्यूयॉर्कमध्ये फार समाधान मिळतं. तिथल्या सोहो भागात, १४१ वूस्टर स्ट्रीटवर, जिना चढून वर गेलं की एक भलीमोठी जागा आहे. ३,६०० चौरस फूट. मुंबईकर वाचकांनी क्षणभर थांबावं आणि कार्पेट एरिया असा मनाशी उच्चार करावा. या ३,६०० चौरस फुटांत १९७७ मध्ये वॉल्टर डी मरिया या शिल्पकाराने भिंतीपासून भिंतीपर्यंत माती भरली. जाडी २२ इंच, वजन सुमारे १,२७,००० किलो. बस. आपण दारात उभं राहायचं, काचेच्या अडसरापलीकडे काळी माती बघायची, ओला वास घ्यायचा आणि खाली उतरायचं. प्रवेश मोफत, फोटोला बंदी. शहरातल्या महागड्या भागांपैकी एकात ही माती अजून भाडं न भरता राहते आहे, आणि सोसायटीने तिला एकही नोटीस काढलेली नाही.

मातीला अर्थात मातीचा गुण आहे. सुरुवातीला तिच्यात अळंबी उगवायची, तण यायचं. म्हणून एक देखभाल करणारा गृहस्थ नेमला गेला. १९८९ पासून तीसहून जास्त वर्षं तो माणूस मातीला पाणी देत होता, दंताळं फिरवत होता, उगवलेलं उपटत होता. हे एखाद्या मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला सांगून बघा. पाण्याची पाळी वेळेवर, रान कायम भुसभुशीत, गुराढोरांचा त्रास नाही, वीज चोवीस तास, आणि तीस वर्षांत पेरा नाही. तो आधी तुमच्याकडे बघेल, मग पैसेवारी किती लावली ते विचारेल.

पण मला हे काम मनापासून आवडतं, आणि त्याचं श्रेय मी डी मरियापेक्षा त्या दंताळंवाल्याला देतो. माती नुसती आणून टाकली असती तर दोन वर्षांत ती भेगाळून, धूळ होऊन गेली असती. आज तिथे दिसणारी काळी, ओलसर, जिवंत माती ही मूळची १९७७ ची कल्पना खरी, पण बघणाऱ्याच्या डोळ्यांपुढे ती रोजच्या पाण्यानेच उभी राहिलेली.

वोल्फगांग लाइब या जर्मन शिल्पकाराने तर हे रोजचं काम कलाकृतीतच घालून ठेवलं. हा माणूस शिकून डॉक्टर झाला आणि दवाखाना न थाटता फुलांमागे लागला. भारतात, विशेषतः दक्षिणेत, त्याचं येणं-राहणं पुष्कळ. त्याचा ‘दूधपाषाण’ म्हणजे पांढऱ्या संगमरवराची चौकोनी लादी, वरून घासून अगदी किंचित खोलगट केलेली. त्या खोलगटात रोज दूध ओतायचं, ते काठापर्यंत असं भरायचं की दगड कुठे संपतो आणि दूध कुठे सुरू होतं कळू नये. संध्याकाळी दूध काढून दगड स्वच्छ पुसायचा. सकाळी पुन्हा. हे करणार कोण? प्रदर्शन लावून लाइब घरी जातो. पुढचे दोन-तीन महिने दूध संग्रहालयाची माणसं ओततात. आपल्या गावातल्या देवळात मूर्ती कुणी घडवली हे कोणाला ठाऊक नसतं, पण गुरव कोण हे सगळ्यांना माहीत असतं. पाणी तो घालतो, निर्माल्य तो काढतो, आणि दक्षिणेवरून भांडणही त्याच्याशीच होतं. संग्रहालयातल्या गुरवांना निदान प्रॉव्हिडंट फंड असावा.

याच लाइबने २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात हेझलच्या झाडाचे परागकण जमिनीवर चाळून १८ बाय २१ फुटांचा पिवळा चौक मांडला होता. हे पराग त्याने स्वतः, वर्षानुवर्षं, झाडाझाडापाशी जाऊन बरण्यांत गोळा केलेले. रंग असा की हळदसुद्धा फिकी वाटावी. प्रदर्शन संपलं की ते पुन्हा गोळा करून बरणीत. मी त्याचे फोटो बघताना पराग कमी बघतो आणि कोपऱ्यात उभ्या असलेल्या रखवालदाराला जास्त. आठ तासांची ड्युटी, समोर एका माणसाच्या वीसेक वर्षांच्या कष्टाची भुकटी, आणि शिंक यायला लागली तर करायचं काय?

अनिश कपूर मात्र थेट मुंबईत आले. ते मुंबईचेच, १९५४ चा जन्म, आणि वांद्र्याचा मेहबूब स्टुडिओही त्याच साली उभा राहिलेला. २०१० च्या शेवटी त्या स्टुडिओत त्यांची तोफ लागली. दाबलेल्या हवेने लाल मेणाचा गोळा सुटायचा आणि समोरच्या कोपऱ्यात फच्च करून आदळायचा. दिवसागणिक मेणाचा ढीग वाढत जायचा, आणि ते रक्तासारखं साचलेलं मेण हेच शिल्प. तोफ डागणाऱ्याकडे सगळे बघायचे. प्रदर्शन उतरल्यावर ते मेण भिंतीवरून खरवडायला जी माणसं आली असतील, त्यांच्यासाठी कोणी टाळ्या वाजवल्याचं ऐकिवात नाही. हिंदी सिनेमाच्या स्टुडिओत स्पॉटबॉयला याची सवय असते.

उलटा प्रकार एकच मला ठाऊक आहे. चंदीगडला नेकचंद हे सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षक. वास्तुकार कॉर्बुसिएच्या सरळ रेषांचं शहर उभं राहत होतं, आणि त्यासाठी पाडलेल्या गावांचा राडारोडा, फुटक्या बांगड्या, कपबश्यांचे तुकडे, विजेची मोडकी बटणं यांचे ढीग पडत होते. हे गृहस्थ १९५७ पासून ते सगळं सायकलवरून जंगलातल्या सरकारी राखीव जागेत नेत राहिले आणि तिथे बांगड्यांच्या तुकड्यांची माणसं, जनावरं, दऱ्या, धबधबे रचत राहिले. कोणाला पत्ता नाही. १९७५ मध्ये अधिकाऱ्यांना शोध लागला. सरकारी जागेवर अठरा वर्षांचं बेकायदा बांधकाम! पाडायची चर्चा झाली, लोक आडवे आले, आणि १९७६ मध्ये रॉक गार्डनचं रीतसर उद्घाटन झालं. नेकचंदांना त्याच कामाचा पगार आणि हाताखाली पन्नास मजूर मिळाले. अतिक्रमण नियमित करण्याचा आपला दांडगा अनुभव आहे, पण अतिक्रमण करणाऱ्यालाच पगारावर घेतल्याचं आणि पुढे पद्मश्री दिल्याचं हे उदाहरण वेगळंच. केर उचलणाराच शिल्पकार असला की सुस्कारा कोणी सोडायचा हा प्रश्न उरत नाही.

घानात जन्मलेले आणि नायजेरियात वर्षानुवर्षं काम केलेले एल अनात्सुई यांनीही वाट धरली ती भंगाराची. दारूच्या बाटल्यांची ॲल्युमिनियमची झाकणं चपटी करायची, दुमडायची, तांब्याच्या तारेने एकमेकांना शिवायची. हजारो झाकणं जोडून भिंतभर पडदे होतात, लांबून जरतारीचे वाटतात. जवळून बघावं तर प्रत्येक चौकोनावर रम नाहीतर व्हिस्कीचं नाव. व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनाने २०१५ मध्ये त्यांना जीवनगौरवाचा सुवर्णसिंह दिला. मला मात्र त्यांचं मोठेपण वेगळ्याच ठिकाणी दिसतं. पडदा कसा टांगायचा, चुणी कुठे पाडायची, कुठे ढिला सोडायचा, हे ते टांगणाऱ्यांवर सोपवतात. शिडीवर चढलेल्या माणसाला “तुला कसं वाटतं?” विचारणारा शिल्पकार विरळा.

इतरांच्या बाबतीत शिडीवरच्या माणसाला काही वाटलं की पंचाईत होते. २०२४ मध्ये नेदरलँड्समधल्या लिसच्या एका संग्रहालयात लिफ्टचा बदली तंत्रज्ञ आला. काचेच्या लिफ्टच्या शाफ्टमध्ये बिअरचे दोन चेपलेले डबे पडलेले. त्याने ते कचऱ्यात टाकले. ती अलेक्सांद्र लाव्हेची कलाकृती होती. डब्यांवरचं अक्षर नि अक्षर हाताने ॲक्रिलिकमध्ये रंगवलेलं. डबे कचऱ्याच्या पिशवीतून सुखरूप सापडले, पुसून परत ठेवले. त्या संग्रहालयाने एक गोष्ट मात्र शहाणपणाची केली: तंत्रज्ञावर डोळे न वटारता, तो आपलं काम चोख करत होता असं जाहीर सांगितलं.

आणि या सगळ्या मंडळींचा राजा म्हणजे ते केळं. मौरिझिओ कात्तेलान यांनी डिसेंबर २०१९ मध्ये मियामीच्या कलामेळ्यात भिंतीला चिकटपट्टीने लावलेलं, १,२०,००० डॉलरचं. तिथेच एका कलावंताने ते खाल्लं. २०२३ मध्ये सोलच्या संग्रहालयात एका विद्यार्थ्याने खाल्लं, कारण सकाळचा नाश्ता झाला नव्हता. त्याने सालही नीट परत चिकटवून ठेवलं, एवढं घरचं वळण. नोव्हेंबर २०२४ मध्ये एक आवृत्ती लिलावात ६२ लाख डॉलरला, म्हणजे बावन्न कोटी रुपयांच्या आसपास, गेली. घेणाऱ्या क्रिप्टोवाल्या उद्योजकानेही हाँगकाँगला पत्रकारांसमोर खाऊन टाकली. जुलै २०२५ मध्ये फ्रान्समधल्या मेट्झला पुन्हा तेच, आणि यावेळी कात्तेलान यांची तक्रार अशी की, खाणाऱ्याने साल आणि चिकटपट्टी का टाकली.

विकत मिळतं ते केळं नव्हेच. मिळतं एक प्रमाणपत्र आणि सूचनांची १४ पानं. जमिनीपासून उंची १७५ सेंटिमीटर. दर सात ते दहा दिवसांनी केळं बदलायचं. म्हणजे मेट्झ असो की न्यूयॉर्क, संग्रहालयातला कोणीतरी माणूस पिशवी घेऊन फळवाल्याकडे जातो, फार हिरवं नको, डागाळलेलं नको, जरा बाक बरा हवा असं बघून घेतो, व्हाउचरवर सही घेतो आणि टेप लावून उंची मोजतो. केळं सुटं एक कोणी देत नाही, निदान आमचा फळवाला तरी देत नाही. फणीतली उरलेली कोण खातं, हे त्या चौदा पानांत लिहिलेलं असेल असं मला वाटत नाही. ते रखवालदारांच्या खोलीत, दुपारच्या चहाला ठरत असावं.